खळं, यंत्र आणि बाईचा वाटा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

तिकोणा गडाच्या पायथ्याच्या पेठेतून, आपल्या पवन मावळातून मी बोलतेय. भात पिवळं पडायला लागलं की आपल्याकडं घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. माणसं मिळतील का? मजुरी किती द्यायची? का सरळ मशीन बोलवायचं? या बोलण्यात बहुतेक वेळा बापई माणसं पुढं असतात आणि आपण चुलीपाशी बसून ऐकत असतो. खरं तर कापणीत वाकतो आपण, भारे वाहतो आपण, झोडताना हात भरून येतात तेही आपलेच. म्हणून आज या मशीनचा इतिहास सांगायचं ठरवलंय. हा प्रश्न आपल्याला आज पडलाय असं वाटतं, पण जगात तो दोनशे वर्षांपासून विचारला जातोय. कुठं त्याच्यापायी दंगे झाले, कुठं माणसं फासावर गेली, आणि एका देशात तर यंत्राला नावच असं पडलं की ऐकून आपल्या काळजात कळ यावी.

आधी आपलं खळं डोळ्यांसमोर आणू. आज तरण्या मुलींनी ते पाहिलेलंही नसेल. जमीन चोपून, शेणानं सारवून गोल अंगण करायचं. मधोमध तिवडा रोवायचा. त्याला बैलांची पात जोडायची, बैलांच्या तोंडाला मुसक्या बांधायच्या आणि पेंढ्यांवरून गोल गोल फिरवायचं. भाताचं आपल्याकडं थोडं निराळं. आधी पेंढी दोन्ही हातांत धरून दगडावर नाहीतर लाकडाच्या ओंडक्यावर झोडायची. दाणे बहुतेक त्यातच पडतात. पेंढ्यात राहिलेले दाणे सुटावेत म्हणून मग वरून बैल फिरवायचे. त्यानंतर वाऱ्याची वाट पाहायची. वारा सुटला की वावडीवर उभं राहून सुपानं, पाटीनं उपणायचं. फोल एकीकडं, दाणा एकीकडं. रास झाली की तिची पूजा, आणि मग मापणी. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी.

पण मैत्रिणींनो, खळं म्हणजे नुसती मळणीची जागा नव्हती. गावाचा वर्षाचा हिशेब तिथंच व्हायचा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, सगळे आपापलं बलुतं घ्यायला खळ्यावरच यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात ही देण्याघेण्याची रीत सविस्तर आली आहे. आणि ही रीत गोड होती असं कुणी समजू नये. ज्यांना स्वच्छ राशीतला वाटा नाकारला जायचा, त्यांच्या ओटीत खळ्याच्या तळाचं मातेरं पडायचं. माती, खडे आणि त्यात मिसळलेले दाणे. ते निवडत बसायचं काम कुणाचं? त्या घरातल्या बाईचं. वतनाच्या नावाखाली चाललेल्या या बांधिलकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते उगाच नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे सरवा. कापणी झाल्यावर शेतात गळालेली कणसं, लोंब्या वेचायचा हक्क गोरगरीब बायांना असायचा. विधवा, म्हातारी, पोरंबाळं पदरी असलेली भूमिहीन बाई, सरवा वेचून चार दिवसांची भाकरी किंवा भात जमवायची. हे सगळं लक्षात ठेवा, कारण यंत्र आलं की पहिला धक्का इथंच बसतो.

आता थोडं लांब जाऊ. विलायतेत गहू, सातू झोडायची रीत वेगळी होती. लांब काठीच्या टोकाला चामड्यानं आखूड काठी बांधायची आणि ती फिरवून कणसांवर बडवायची. काम रटाळ आणि कष्टाचं. पण ते हिवाळ्यात चालायचं. बाहेर बर्फ, शेतात दुसरं काम नाही, अशा वेळी मजुराच्या घरात चूल पेटायची ती या झोडणीच्या मजुरीवर. स्कॉटलंडमध्ये १७८६ च्या सुमारास अँड्र्यू मीकल नावाच्या कारागिरानं मळणीचं यंत्र बनवलं. आत एक फिरतं पिंप, त्यावर दांडे. कणसं आत गेली की दांड्यांच्या माऱ्यानं दाणे सुटायचे. आजच्या मळणी यंत्राच्या पोटातही मूळ कल्पना हीच आहे. ते यंत्र आधी घोड्यांवर, पाण्यावर चालायचं, पुढं वाफेवर चालू लागलं. महिनोन् महिने पुरणारी झोडणी थोड्या दिवसांत उरकू लागली.

शेतमालकाची सोय झाली, मजुराचा हिवाळा गेला. १८३० च्या ऑगस्टअखेर इंग्लंडच्या केंट परगण्यात लोकांनी रात्री जाऊन मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली आणि बघता बघता दक्षिण इंग्लंडभर ते लोण पसरलं. 'कॅप्टन स्विंग' अशा सहीच्या धमकीच्या चिठ्ठ्या मालकांना जायच्या. असा कुणी कप्तान नव्हताच, ते सगळ्या मजुरांनी मिळून घेतलेलं नाव होतं. त्यांची मागणी साधी होती, पोटापुरती मजुरी द्या आणि हिवाळ्याचं काम काढून घेऊ नका. सरकारनं दंगा मोडला. १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ५०० जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडं पाठवलं. त्यांच्यामागं राहिलेल्या बायकांनी दिवस कसे काढले असतील, याचा अंदाज आपल्याला बांधता येतो.

हे झालं मळणीचं. कापणीचं यंत्र त्यानंतर आलं. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल नावाच्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या तरुणानं १८२८ साली एक यंत्र शेतात चालवून दाखवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात सायरस मॅकॉर्मिकनं १८३१ साली आपलं यंत्र चालवलं आणि १८३४ साली पेटंट घेतलं. त्याच्या आधीच १८३३ मध्ये ओबेड हसीनं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. मॅकॉर्मिकचं नाव जगभर झालं, पण त्या कामात त्याच्यासोबत राबणारा जो अँडरसन हा त्या घरचा गुलाम होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. यंत्राची रचना अशी होती की खाली दात्यांच्या मधून करवतीसारखी पात पुढंमागं सरकायची, वर फिरता रहाट पीक पात्यावर लोटायचा आणि कापलेलं पीक मागच्या फळीवर पडायचं. ओढायला घोडे. १८४७ मध्ये मॅकॉर्मिकनं शिकागोत कारखाना काढला. तो शेतकऱ्यांना यंत्र हप्त्यावर द्यायचा. म्हणजे शेतीची अवजारं हप्त्यानं विकायची रीतही तेवढीच जुनी आहे. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे यंत्र गेलं. आधी लोक त्याला हसले, मग शेतात चालवून पाहिल्यावर त्याला पदक मिळालं.

पण एक गंमत बघा. यंत्र कापायचं, मागं पेंढ्या बांधायला मात्र माणसंच लागायची. पेंढी बांधायच्या गाठीचं कोडं सुटायला आणखी बरीच वर्षं गेली. जॉन अ‍ॅपलबीनं १८७८ च्या सुमारास सुतळीची गाठ मारणारी जोडणी केली आणि मग कापणी-बांधणी एकत्र झाली. आपण हातानं पेंढ्याला पिळा देऊन भारा बांधतो ना, तेवढीशी गोष्ट यंत्राला शिकवायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. बाईच्या हातातल्या कसबाला कमी लेखणाऱ्यांना हे जरूर सांगा.

मळणी यंत्रावरही बायका होत्याच. यंत्राच्या माथ्यावर उभं राहून पेंढीचा बंध सोडायचा आणि ती आत सोडणाऱ्याच्या हातात द्यायची, हे काम बऱ्याचदा बायकांना लावत. टॉमस हार्डी या इंग्रज कादंबरीकाराची 'टेस' ही कादंबरी १८९१ सालची. तिची नायिका वाफेच्या मळणी यंत्रावर दिवसभर हेच काम करते, तिला क्षणाची उसंत मिळत नाही. यंत्र थकत नाही, म्हणून बाईनंही थकायचं नाही, असा तो हिशेब. त्या पिंपात हातपाय जाऊन इतके अपघात झाले की १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेला खास मळणी यंत्रांसाठी कायदा करावा लागला. पिंप आणि तोंड झाकलेलंच पाहिजे, असं त्यात बजावलं होतं.

आता भाताच्या मुलखात येऊ, कारण गव्हाच्या गोष्टी आपल्याला कितीही ऐकवल्या तरी आपलं पीक भात. जपानमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एक साधं साधन निघालं. लाकडी घोडीवर लोखंडी दात्यांची मोठी फणी उभी बसवायची आणि भाताची मूठ त्या दात्यांमधून ओढायची. दाणे खाली, पेंढा हातात. एकोणिसाव्या शतकात जपानभर हीच फणी चालत होती. त्याआधी दोन बांबूच्या कांड्यांत लोंबी धरून दाणे ओरबाडत. ते काम गावातल्या बायका, विशेषतः विधवा, मजुरीनं करायच्या. फणी आली आणि त्यांचं काम गेलं. लोकांनी त्या फणीला नाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'विधवांना पाडणारी'.

मला या नावाचा फार विचार करावासा वाटतो. फणी वाईट होती का? जिच्या घरचं भात होतं, तिचा त्रास नक्कीच वाचला. तिच्या बोटांची सालं निघणं थांबलं असेल. पण जिच्याकडं शेत नव्हतं, तिची भाकरी गेली. दोघीही बायकाच. एकच वस्तू एकीला सुख देते आणि दुसरीला उघड्यावर टाकते, कारण एकीकडं जमीन आहे आणि दुसरीकडं नाही. त्या काळच्या जपानी गावानं निदान हे पाहिलं आणि नावात नोंदवून ठेवलं. आपल्याकडं किती बायांची कामं अशी गेली आणि त्याची नोंदही राहिली नाही! उखळ-मुसळाचं कांडण गेलं, भाताची गिरणी आली. आपल्या खांद्यांचं दुखणं गेलं ही चांगली गोष्ट, पण कांडणावर पोट भरणारी बाई पुढं काय करू लागली, हे कुणी विचारलं?

मग तुम्ही म्हणाल, एकोणिसाव्या शतकात हे सगळं जगात चाललं होतं तेव्हा मावळात काय चाललं होतं? मावळात वाफेचं इंजिन आलं होतं! १४ जून १८५८ ला पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटही पार झाला. घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. त्या कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इकडं येताच १८५९ मध्ये वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं दोन अभियंत्यांच्या मदतीनं ठेका तडीस नेला. घाटात इंजिनाची शिट्टी घुमत होती आणि खालच्या खाचरांत मात्र विळाच चालत होता.

याला आपला शेतकरी अडाणी म्हणून असं झालं, असं पुष्कळ साहेबांना वाटायचं. पण जॉन ऑगस्टस व्होलकर हे विलायतेतले शेतीरसायनाचे जाणकार १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर हिंडले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. त्यांनी स्वच्छ लिहिलं की इथला शेतकरी विलायतेतल्या सर्वसाधारण शेतकऱ्याइतकाच हुशार आहे, काही बाबतींत तर सरस आहे. त्याच्याकडं कमी आहे ते साधन आणि भांडवल. आपल्या खाचराचा विचार केला तरी हे पटतं. उतारावर बांध घालून केलेली वीतभर खाचरं, त्यात गुडघाभर चिखल, वारा-पावसानं लोळलेलं उंच आंबेमोहोर. तिथं घोड्यांनी ओढायचं यंत्र कुठून वळणार? शिवाय गव्हाच्या मुलखात पेंढ्याचं महत्त्व कमी असेल, आपल्याकडं पेंढा म्हणजे गुरांची वर्षाची बेगमी. त्याचा चुरा करून टाकणारं यंत्र परवडणार नव्हतं. आणि मोडलं तर? विळ्याला धार लावायला गावात लोहार होता, विलायती यंत्राचा दाता तुटला तर मुंबई गाठावी लागली असती.

पुण्यातले जोतीराव फुले तर हा प्रश्न मुळापासून मांडत होते. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण द्या, दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवा, पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घेऊन चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या, असं त्यांनी सरकारला सुचवलं. साधन चांगलं की वाईट, यापेक्षा ते वापरणाऱ्याला शहाणं करा, हे त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या घरात सावित्रीबाई होत्या, मुलींची शाळा होती, म्हणून शिक्षणाची गोष्ट त्यांच्या तोंडी नुसती पुस्तकी नव्हती.

मराठी मुलखात यंत्र रुजवलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळं नांगर खपायला वेळ लागला. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता याचा आपल्याशी काय संबंध, तो ऐका. या कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली, तिचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी त्याच्या जोडीला 'स्त्री' मासिक काढलं. आपण आज बायकांच्या मासिकांत मोकळेपणानं लिहितो-वाचतो, त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा नांगराच्या कारखान्यातून गेला आहे.

भातमळणीचं यंत्र आपल्याकडं पोचलं ते स्वातंत्र्यानंतर, जपानी पद्धतीच्या भातशेतीच्या मोहिमेत. पायानं दाबायचं, तारांचे आकडे लावलेलं पिंप फिरायचं आणि पेंढी त्यावर धरायची. ती जुनी फणी मोडीत काढून जपाननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र केलं होतं. पेंढा अख्खा राहतो, म्हणून आपल्याला ते मानवलं. पुढं विजेवर आणि ट्रॅक्टरवर चालणारी यंत्रं आली. १९८७ मध्ये वडगावच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भात आलं, उत्पन्न वाढलं, मळणीही वाढली. आणि अपघातही आले. उत्तरेकडं गव्हाच्या मळणीत इतक्या जणांचे हात तुटले की आपल्या संसदेनं १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. विलायतेत १८७८, आपल्याकडं १९८३. मध्ये १०५ वर्षं गेली. यंत्र समुद्र ओलांडून लवकर येतं, शहाणपण मागून येतं.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा मशीनची चर्चा निघाली की चुलीपासून उठा आणि चार गोष्टी विचारा.

पहिली, यंत्राचं तोंड झाकलेलं आहे का? पेंढी आत सोडायचा पन्हाळा भारतीय मानकाप्रमाणे निदान ९० सेंटिमीटर लांब हवा आणि त्यातला निम्मा झाकलेला हवा. पट्ट्यावर जाळी हवी. आपण पदर खोचायचा, वेणी वर बांधायची, ओढणी नको, हातात बांगड्या-कडी नकोत. झोप आली असताना, अंधारात यंत्रापाशी जायचं नाही. उरकून टाकू म्हणून रात्री काम ओढू नका.

दुसरी, यंत्रावर काम कुणी करायचं? यंत्र चालवणाऱ्याला जास्त पैसे आणि भारे वाहणारीला कमी, असं का? चालवायला शिकणं काही अवघड नाही. कळ दाबायची ती बापयानंच, असं कुठं लिहिलेलं नाही.

तिसरी, यंत्र कुणाच्या नावावर? अनुदान जमिनीच्या नोंदीवर मिळतं आणि सातबाऱ्यावर बहुतेक वेळा बाईचं नाव नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, ते काम अजून पुरं झालेलं नाही. तोवर बचत गटाच्या नावानं यंत्र घेता येतं. काही ठिकाणी महिला गट अवजार बँक चालवतात, यंत्र भाड्यानं देतात आणि भाडं बायांच्या खात्यावर जमा होतं. जपानच्या त्या फणीची मालकी जर गावातल्या विधवांकडं असती, तर तिचं नाव काही वेगळंच पडलं असतं.

चौथी, जिचं काम गेलं तिचं काय? दरवर्षी आपल्या कापणीला येणारी शेजारीण, वरच्या वाडीतली बाई, तिला आपण यंदा बोलावणार नाही. मग तिला गटात घेऊ, यंत्रावरचं काम देऊ, निदान सरव्याला मोकळं रान देऊ. खळ्याच्या जुन्या रीतीत अन्याय खूप होता, तो परत नको. पण रास घरी नेण्याआधी आणखी कुणाचा वाटा आहे, हे विचारायची त्या रीतीतली सवय मात्र सोडायला नको.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना खळ्याबद्दल जरूर विचारा आणि त्या सांगतील ते वहीत लिहून ठेवा. तिवडा, पात, वावडी, मातेरं, सरवा हे शब्द त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका. कापणीला जाताना विळ्याची धार जपून, पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि सुखरूप घरी या.